मासा जंगली की पाळलेला

कंपनीत मशिनं भंगारात जातात, माणसं रिटायर होतात, पण कँटीनच्या टेबलावर बोललेलं कुठं जात नाही. तिथंच साचत राहतं. आमच्या टेबलावर दोन वर्षांत नुसते माशांचे किस्से साचलेत. मी ते हसत सांगायला घेतो आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली येतो.

टेबलावर आम्ही तिघं. मी क्वालिटीत. सावंत पेंटशॉपमध्ये, मूळचे देवगडकडचे. आणि स्टोअरमधला बबन, इथलाच, चाकणजवळच्या निघोज्याचा. तिघंही मासे खाणारे, एवढंच काय ते नातं.

*

सुरुवात झाली नॉर्वेहून आलेल्या ऑडिटरपासून. उंच, पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. साहेबांनी त्याच्यासाठी हॉटेलातून खास सॅमन मागवला. सॅमन म्हणजे तिकडच्या थंड पाण्यातला गुलाबी मासा.

ऑडिटरनं ताट पाहिलं आणि कँटीन मॅनेजरला विचारलं, "वाइल्ड?"

मॅनेजर लातूरचा, माळकरी. तो घाबरून म्हणाला, "नो सर, नो. व्हेरी शांत."

आम्ही हसलो. ऑडिटरही हसला. मग काटा खाली ठेवून म्हणाला, त्याचे वडील गावच्या नदीत जंगली सॅमन धरायचे. आता नदीत तो क्वचितच येतो. गावासमोर समुद्रात मोठमोठे पिंजरे लावलेत, त्यात मासे पाळतात. त्याचा भाऊ तिथंच कामाला आहे.

"मग पाळलेला वाईट असतो का?" सावंतांनी विचारलं. मी इंग्रजी करून सांगितलं.

"वाईट नसतो. तपासलेला असतो," तो म्हणाला. "तरी मी दर वेळी विचारतो."

आणि त्यानं ताट साफ केलं.

*

त्याच दुपारी तो पेंटशॉपमध्ये गेला. सावंत शेडकार्ड धरून बंपरचा रंग जुळवत होते. ऑडिटर म्हणाला, "माझ्या भावाकडे असंच कार्ड असतं. तो ते माशाच्या मांसाला लावून बघतो."

जंगली सॅमन बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन गुलाबी होतो. पिंजऱ्यातल्याला तो रंग खाद्यातून द्यावा लागतो, नाहीतर मांस राखाडी राहतं. गुलाबी किती गडद हवा, तेही ठरलेलं असतं.

सावंतांनी कार्ड पुन्हा बंपरला लावलं. मग मला म्हणाले, "आपण निदान रंग बाहेरून मारतो."

*

सावंतांची मुलगी रावेतला राहते. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, मासे खात जा. सावंतांनी तिच्या घराजवळच्या मॉलमधून सॅमनचं गोठवलेलं पाकीट आणलं, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला दाखवायला थर्माकोलच्या डब्यातून घेऊन आले.

"अटलांटिक लिहिलंय बघा," ते म्हणाले. "महासागरातला आहे. पिंजऱ्याबिंजऱ्यातला नाही."

मी पाकीट उलटं केलं. वीस वर्षांची सवय, वस्तू हातात आली की मागची बाजू आधी वाचायची. अटलांटिक हे माशाच्या जातीचं नाव होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाळलेला. मी ते मोठ्यानं वाचलं.

सावंतांनी डबा बंद केला. पाकीट त्यांच्याच फ्रीजरमध्ये पडून राहिलं. त्यांनी गावाहून बर्फात घालून सुरमई मागवली. गाडी घाटात बंद पडली, बर्फ वितळला, मासा आला तो वास घेऊनच. पोरीनं त्या दिवशी वरणभात खाल्ला.

पुढच्या तपासणीला सावंत स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "पाळलेला नीट शिजवून दिला असता तरी चाललं असतं की. उलट सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा असतो, ते या दिवसांत बेतानं द्या."

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, मला कुणी विचारलंच नाही."

हे सावंतांनी मला जसंच्या तसं सांगितलं. पाकीट मोठ्यानं वाचून मी चूक केली, असं ते अजून म्हणालेले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी टेबलावर फार सांगत नाही.

मोशीत आमच्या सोसायटीजवळ शकीलभाईंचा माशांचा गाळा होता. कुणीही विचारलं की ते सांगायचे, "तळ्यातला आहे साहेब. पाळलेला. सकाळीच आलाय." चार पावलांवर दुसरा गाळा होता. तिथला माणूस म्हणायचा, सगळा नदीचा, ताजा, जिवंत.

त्या ऑडिटरनंतर माझ्या डोक्यात जंगली माशाचं खूळ बसलं होतं. शकीलभाईंकडे सात वर्षं घेत होतो, ते सोडून दुसऱ्या गाळ्यावर जाऊ लागलो. त्यांच्या समोरून पिशवी घेऊन जाताना एकदा म्हणालोही, "भाई, माणसानं चांगला माल ठेवावा."

ते म्हणाले, "चांगलाच आहे साहेब. फक्त नदीचा नाही."

महिन्याभरात त्या नदीच्या माशानं माझी मुलगी तीन दिवस सलाइनवर होती. नदी कुठली, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. दिवसभर तपासणी करणारा माणूस मी.

मुलगी बरी झाल्यावर शकीलभाईंकडे गेलो. गाळ्यावर मोबाइल कव्हरचं दुकान लागलं होतं. पुढं एकदा चाकण चौकात भेटले. एका गोदामात लोडिंगला लागले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या राव. पोरगी बरी आहे ना?"

मी हो म्हणालो. त्यांची शिफ्ट होती, ते गेले.

*

बबन फार बोलत नाही. हा किस्सा त्यानं एकदाच सांगितला, डबा खाता खाता.

त्याची आई अंथरुणाला खिळली होती. अन्न जाईना. एक दिवस म्हणाली, "आपल्या नदीचं मासं खावंसं वाटतंय रं."

तिच्या तरुणपणी निघोज्यात इंद्रायणीच्या काळ्या डोहाशी बायका पाटीनं मासे धरायच्या. आता पाण्यावर फेस असतो. गावातलं कुणी त्यात पायसुद्धा घालत नाही. बबननं चाकणच्या बाजारातून तळ्यातला पाळलेला रोहू आणला. येताना चप्पल मुद्दाम चिखलात भिजवली. बायकोला सांगितलं, काही बोलू नकोस. जुन्या पद्धतीनं, चिंच घालून कालवण केलं.

आई उठून बसली. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"लई चरबी हाय रं ह्याला," ती म्हणाली. "बसून खाल्लेलं दिसतंय."

बबननं तिच्या वाटीत आणखी रस्सा वाढला.

"कुठं घावलं?"

"काळ्या डोहात."

आईनं त्याच्या चपलेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. वाटीतला रस्सा भातावर ओतून घेतला.

"उद्या बी तिथंच जा," ती म्हणाली.