खंडेनवमीला जमा झालेली कार्डं

गेल्या खंडेनवमीला, सकाळच्या शिफ्टचा चहा झाल्यावर, चाकणच्या एका कंपनीत साफसफाई आणि देखभालीचं काम करणाऱ्या आम्हा बायकांना फसवण्यात आलं. त्यातही सगळ्यात जास्त फसवलं ते आमच्या स्क्रबर मशीन चालवणाऱ्या काकीला. प्रशिक्षण पूर्ण केलेली, परीक्षा पास झालेली, 'कुशल' असं छापलेलं कार्ड गळ्यात घालून फिरणारी बाई त्या दिवशी पूजेला बसली. दसरा करून कामावर आली, तर तिला 'प्रशिक्षणार्थी' करून टाकलेलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण मी लिहायला शिकले ते आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयात, पत्रकं लिहून. कोणाचं नुकसान झालं आणि कधी झालं ते वर लिही, हळहळ खाली लिही, असं तिथं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हळहळ मला तशीही जमत नाही. राग जमतो.

मी तळवड्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात इमारत देखभालीचं काम शिकले. गळका नळ, भिंतीतली ओल, तुंबलेली ड्रेनेज लाइन, बंद पडलेली पाण्याची मोटर. शिकून झाल्यावर आधी वाकडच्या एका उंच सोसायटीत लागले. लिफ्टमध्ये माझ्या हातात पाना दिसला तरी लोक विचारायचे, "प्लंबर कधी येणारे?" मी म्हणायचे, "आलाय की." मग चाकणला हे काम मिळालं. कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि आम्ही कंपनीच्या नव्हे तर ठेकेदाराच्या. शॉपफ्लोअरवर मशिनांतून तेल आणि कूलंटचं पाणी गळत असतं. फोर्कलिफ्ट त्यावरून जाते आणि चाकांनी ते सगळीकडे पसरवते. वेळेवर पुसलं नाही तर माणूस आडवा झालाच म्हणून समजा. पुसायला बसून चालवायचं स्क्रबर मशीन आहे. पुढं गोल फिरणारे ब्रश, मागं पाणी ओढून घेणारं रबर आणि वर एक सीट. त्या सीटवर काकी बसायची.

काकी तिथल्याच जवळच्या गावची. फोर्कलिफ्टवाला आडवा आला की हॉर्न दाबून ओरडायची, "ए भावा, बाजूला व्हय. इथं आमचा भुईमूग व्हायचा, रस्ता मला दाखवू नको." खरंच तिथं भुईमूग व्हायचा की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. पण फोर्कलिफ्ट थांबायची.

साफसफाईच्या प्रत्येक बाईला कंपनीत मावशी म्हणतात. काकीला ते चालायचं नाही.

"मावशी? तुझ्या आईची भन हाय का मी? आपरेटर म्हन."

पोरगेलेसे इंजिनिअर हसायचे. "बरं, ऑपरेटर मावशी."

"त्यातली मावशी तेवढी काढ. मग चहा पाज."

बढाई मारायची तिला भारी हौस. सासूला, जावेला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना आपलं कार्ड दाखवायची. लग्नाला गेली तरी कार्ड पर्समध्ये. मी चिडवायचे, "काकी, मंगळसूत्र विसराल, पण हे विसरणार नाही." ती म्हणायची, "मंगळसूत्र नवऱ्यानं घातलं. ह्ये मी घेतलं."

आता सरांविषयी. मला नळ शिकवणारे आणि काकीला मशीन शिकवणारे सर एकच. तळवड्याच्या केंद्रातून आठवड्यातून एकदा कंपनीत यायचे. आमच्याबरोबर कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसून आमच्या डब्यातलं खायचे. काकीची शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडायची. सुपरवायझर आमच्याशी उभ्याउभ्या बोलायचा, सर बसून बोलायचे. आम्हाला एवढंही पुरलं. त्यांना आमचा माणूस समजायला आम्हाला फार वेळ लागला नाही.

अभ्यासक्रम बदलायला हवा ही मागणी आमचीच होती, हे मी लपवत नाही. जुन्या अभ्यासक्रमात झाडू होता, पोछा होता, फिनेल होतं. रसायन किती पाण्यात किती घालायचं, तेल सांडलं तर आधी काय टाकायचं, मशीनची बॅटरी कशी सांभाळायची, उंचावरची काच पुसताना पट्टा कुठं अडकवायचा, यातलं काही नाही. हे सगळं आम्ही रोज करत होतो आणि कागदावर मात्र झाडूवाल्या होतो. म्हणून सरांबरोबर बसून आम्ही पत्रक काढलं. लिहिलं मी, त्याच बाकावर. पहिली मागणी लिहिली: अभ्यासक्रम आजच्या कामाला धरून नवा करा.

काकी म्हणाली, "आनि खाली लिव्ह. आमी जुन्या परीक्षेला पास झालोय, ते धरा. न्हाईतर नवं आलं की आमच्याच हातात ब्रश द्याल आनि म्हनाल, ये बाई, झाडू कसा मारायचा बघ."

सर मोठ्यानं हसले. "काकी, तुम्हाला कोण शिकवणार? नव्या मुलींना तुम्हीच शिकवाल. प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव मी स्वतः देणार."

मी दुसरी मागणी लिहिली: जुन्या परीक्षेत पास झालेल्यांचं काम बघून त्यांना थेट नवं प्रमाणपत्र द्या. काकीनं त्याच संध्याकाळी गावभर सांगितलं की आता ती मास्तरीण होणार.

पुढं ठेकेदारानं सरांना आपल्याकडे घेतलं, प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून. आम्ही पेढे वाटले. आपला माणूस आत गेला, आता आपलं काम होईल, असं मी पत्रकात लिहिलंसुद्धा. आज ते वाक्य आठवलं की दात खावेसे वाटतात.

खंडेनवमीला कारखान्यात काम नावापुरतं असतं. हत्यारांची पूजा असते. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. आमच्या खात्याची पूजा वेगळी, मागच्या शेडमध्ये. स्क्रबर धुऊन चकाचक केलेला, हँडलला तोरण, चारी चाकांखाली लिंबं. बादल्या उपड्या घालून त्यावर माझे पाने, स्क्रू ड्रायव्हर, काच पुसायचे रबर मांडलेले. काकी युनिफॉर्मवर नवी साडी नेसून आली होती. ते कसं जमवलं ते तिचं तिलाच ठाऊक.

सर आले ते स्टीलचं मोठं ताट घेऊन. ताटात फुलं, अक्षता.

"कार्डं पण ठेवा यात," ते म्हणाले. "तुमच्या हातातली कला या कार्डावर आहे. खरं हत्यार तर हेच."

किती छान वाटलं आम्हाला! इतकी वर्षं लेथवाल्यांच्या हत्यारांची पूजा बघत आलो, आज आमच्या कार्डाला कोणीतरी हत्यार म्हणालं. काकीनं गळ्यातलं कार्ड काढलं, कपाळाला लावलं आणि ताटात पहिलं ठेवलं. तिच्यामागून सगळ्यांनी. मीही. सरांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग काकीनं मशीन चालू करून चाकांखालची लिंबं फोडली आणि टाळ्या झाल्या.

लिंबं फोडून एकदा पूजा आटोपली, की पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं. हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही, आणि सरांनाही ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी गेटवरसुद्धा कोणी कार्ड विचारत नाही, वॉचमनच प्रसाद वाटत असतो. त्यामुळे घरी जाताना एकीनंही म्हटलं नाही की माझं कार्ड द्या. पूजेतून वस्तू उचलून नेणारी बाई आमच्यात शोधून सापडायची नाही. हे त्यांनी हेरलं होतं. एरवी एकेकीकडून कार्ड मागितलं असतं तर प्रत्येकीनं का म्हणून विचारलं असतं, काकीनं तर गळाच धरला असता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ताट नव्हतं. टेबलावर पिवळी कार्डं होती, ओळीनं लावलेली. आमचे तेच फोटो. खाली 'प्रशिक्षणार्थी'.

"माझं कार्ड कुठाय?" काकी म्हणाली.

"जुनी कार्डं जमा झाली, काकी. नवा अभ्यासक्रम लागू झालाय. जुनं प्रमाणपत्र आता धरत नाहीत."

"जमा न्हाई झालं. मी पूजेला ठिवलं व्हतं."

"तेच ते."

"तेच ते न्हाई, सर. पूजेला ठिवलेलं परत मिळतं."

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "काही महिन्यांचाच प्रश्न आहे. पुन्हा शिकायचं, परीक्षा द्यायची, की झालं. तोवर शिकाऊ माणसाला मशीनवर एकटं बसता येत नाही, नियम आहे."

मी विचारलं, "आणि दुसरी मागणी? थेट नवं प्रमाणपत्र द्यायची?"

"ती वरच्यांना पटली नाही. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! आमच्या डब्यातलं खायचं नाही राहिलं. ताट आणायचं नाही राहिलं. कपाळाला लावलेलं कार्ड उचलून न्यायचं नाही राहिलं. एवढं एकच राहून गेलं.

आणि वर मलाच म्हणाले, "अभ्यासक्रम बदला म्हणून पत्रक तर तूच लिहिलंस ना?"

हो, मीच लिहिलं. पुन्हा लिहीन. नवा अभ्यासक्रम चांगला आहे, मी वाचलाय. त्यात रसायनं आहेत, उंचावरची कामं आहेत, मशीन आहे. म्हणजे काकी आजवर करत आली तेच सगळं. फक्त ते ज्यांनी आधीपासून केलं, त्यांनाच तो आता पायरीखाली उभं करतो. शिकाऊ म्हटलं की पगार कमी, त्यात ठेकेदाराला काय परवडतं हे वाचणाऱ्याला कळतंच, त्याचा हिशेब मी मांडत नाही. मला राग आहे तो ताटाचा. कागदावर सही मागितली असती तर आम्ही भांडलो असतो. त्यांनी फुलं आणली.

मी संघटनेच्या कार्यालयात गेले. ज्या दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बघ, मागणी आपलीच होती. आता आपणच विरोध केला तर हसं होईल. बायकांना म्हणावं, परीक्षा देऊन टाका." मी चहा न पिता उठले. त्या टेबलावर मी कित्येक पत्रकं लिहिली होती. त्या दिवशी मात्र तिथं बसवेना.

मशीनवर आता नव्या अभ्यासक्रमातून आलेला एक तरुण बसतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, सरळ मुलगा आहे. पहिल्याच दिवशी तो काकीला म्हणाला, "मावशी, जरा ती केबल धरता का?" शेडमधल्या सगळ्या हातातलं काम सोडून काकीकडे बघू लागल्या. काकीनं केबल धरली. "मावशी म्हणू नको" म्हणाली नाही. मला त्याच क्षणी कळलं की त्यांनी नेमकं काय नेलंय.

पण तिनं नव्या प्रशिक्षणासाठी नाव दिलेलं नाही. पिवळं कार्ड गळ्यात उलटं घालते, कोरी बाजू पुढं. गेटवर वॉचमन रोज सांगतो, "काकी, कार्ड सरळ करा." ती म्हणते, "वाऱ्यानं उलाटतंय, राव." मी तिला एकदा म्हटलं, देऊन टाकू का परीक्षा, दोघी मिळून देऊ. ती माझ्यावर उखडली. "तू दे. तुझं वय हाय. मी ज्या पोरींना मशीन शिकवलं, त्यांच्या मागल्या बाकड्यावर बसून मशीन शिकू व्हय?"

मार्चअखेर ठेकेदाराचा कंपनीशी असलेला करार संपतोय, नवा होणार आहे. ज्या बायकांनी तोवर शिकाऊ म्हणून नाव दिलं नाही, त्यांना नव्या करारात घेणार नाहीत, असं आम्हाला तोंडी सांगितलंय. लिहून मागितलं तर देत नाहीत. काकीला मशीन परत मिळणार, की गेटच बंद होणार, हे त्या करारात ठरणार आहे. आणि त्यावर सही काकी करत नाही, मी करत नाही, सरही करत नाहीत.

सही करणारे लोक हे वाचत असतील. तुम्ही कंपनीत मॅनेजर असाल, वाकडच्या सोसायटीच्या कमिटीत असाल, शाळेच्या किंवा हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात असाल. साफसफाईचा आणि देखभालीचा करार दरवर्षी तुमच्यासमोर येतो आणि तुम्ही शेवटचं पान उघडून सही करता. या वेळी तसं करू नका. करारात एक अट लिहून घ्या: जुन्या परीक्षेत पास झालेल्या कामगाराला पुन्हा शिकाऊ धरायचं नाही, काम बघायचं आणि नवं प्रमाणपत्र थेट द्यायचं. ठेकेदार म्हणेल, नंतर बघू. नंतर बघू नका. ही अट कागदावर आली नसेल, तर सही करू नका.