दुसऱ्या कॅमेऱ्याचा हात

विट्याहून सुटलेली सांगलीची गाडी अजून गावाबाहेर पडलेली नाही आणि माझे डोळे मिटायला लागले आहेत. ही काही झोप नव्हे. आठवडाभर फोनवर कॅमेरे बघून बघून डोळ्यांत वाळू भरली आहे, ती आता टोचते आहे. मी डोळे मिटते, उघडते, पुन्हा मिटते. पापण्यांच्या आतही कॅमेरेच दिसतात.

सांगलीच्या दुकानदाराला मी शब्द दिलाय की आज येऊन काय ते ठरवते. दुसऱ्या कॅमेऱ्याची बॉडी कुठली आणि वाइड लेन्स कुठली. परवा तो फोनवर म्हणाला, "ताई, लोकांची लग्नं जमतात हो एवढ्या वेळात." बरोबर आहे त्याचं. एक बॉडी हलकी आहे, पण तिची बटणं भलतीकडेच. दुसरी माझ्या आताच्या कॅमेऱ्यासारखीच, पण वजनाला धोंडा. लेन्स सोळा मिलिमीटरची घ्यावी की वीसची? सोळाच्या लेन्समध्ये सगळं वऱ्हाड मावतं, पण काठावरची माणसं फुगून दिसतात. वीसची घेतली तर भिंतीला पाठ लावून उभी राहिले तरी करवली अर्धी कापली जाणार. विचार करून डोक्याचा भुगा झालाय.

आधी हा प्रश्नच नव्हता. वाइड वन्संकडे असायची. शकुंतला, माझी थोरली नणंद. घरातले सगळे शकूअक्का म्हणायचे, मी वन्सं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, पण आम्ही दोघींनी एकत्र इतक्या लग्नांचे फोटो काढले की विट्यात आमची नावं जोडीनंच घेतली जायची. त्या वाइड लेन्स घेऊन गर्दीत घुसायच्या. मी लांबच्या खांबाआडून मोठ्या लेन्सनं चेहरे टिपायची. दिवाळी झाली, त्यांच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्याच्या दारातच त्या गेल्या.

त्यानंतरच्या पहिल्या लग्नात दोघींचं काम मी एकटीनं करायला गेले. मंगलाष्टक संपत आलेलं, मी लेन्स बदलायला काढली, कॅमेऱ्याचं तोंड उघडं, आणि तेवढ्यात शेवटचं सावधान झालं. मूठभर अक्षता थेट कॅमेऱ्यात. अंतरपाट खाली गेला तो फोटो माझ्याकडे नाही. नवरीच्या आईनं अल्बम दोनदा चाळला आणि मिटून ठेवला, तेच जास्त लागलं. म्हणून ही दुसरी बॉडी. दोन खांद्यांवर दोन कॅमेरे टांगले की लेन्स बदलायला नको आणि कुणाचं तोंड बघायला नको. रविवारी लेंगऱ्यात लग्न आहे. तेही बिघडलं तर लग्नं घेणं बंद करायचं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलंय.

गाडी खड्ड्यात आदळते. बरगडीत कोपर बसतं.

"सरक की. आख्खी गाडी काय तुझ्या बाची हाय?"

मी सरकते. वन्सं शेजारी बसतात. निळी सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, पायांत कामाचे पांढरे बूट. मला नवल वाटत नाही. एवढंच वाटतं, आपण वारलो आहोत हे यांना कुणी सांगितलंय का, आणि नसेल तर मी सांगायचं का.

"कुठं निघालीस?"

"सांगलीला. कॅमेरा बघायला."

"माझा काय झाला?"

"त्याचं शटर गेलं, वाइडला बुरशी धरली. दुरुस्त व्हायचा नाही म्हणाले."

"जाऊ दे. म्हातारा झाला हुता." त्या माझ्याकडे निरखून बघतात. "वाळलीस गं. खातीस का न्हाई?"

खिडकीबाहेर द्राक्षबागा पळताहेत. मग पळायच्या थांबतात. पुढच्या बाकांवरची माणसं उठून वळतात, त्यांच्या डोक्यांना फेटे आहेत, आणि गाडीच्या छताला झालरी लागल्या आहेत. ड्रायव्हरच्या जागी स्टेज आहे. वन्सं स्टेजपुढे उभ्या राहून ग्रुप लावताहेत.

"मामी, तुम्ही मानाच्या. काठाला कशाला? मधी या. काका, तुम्ही बी मधी."

ही त्यांची जुनी युक्ती. वाइडमध्ये काठावरचा माणूस रुंद दिसतो, म्हणून वन्सं सगळी जाडी माणसं मानाची म्हणून मध्ये ओढायच्या आणि काडीपैलवान काठाला लावायच्या. तालुक्यातल्या किती मामींना त्यामुळे आपण मानकरी असल्याचं वाटलं असेल, देव जाणे. मला हसू येतं. किती दिवसांनी येतंय.

"हसतीस काय, घे." त्या कॅमेरा माझ्या हातात देतात आणि स्वतः जाऊन रांगेच्या अगदी टोकाला उभ्या राहतात. त्या कधी फोटोत उभ्या राहायच्या नाहीत.

मी डोळा लावते. सगळे मावतात, वन्सं मावत नाहीत. त्यांचा एक खांदा तेवढा दिसतो. मी एक पाऊल मागे जाते. आता खांदाही नाही. आणखी मागे जाते. मांडव लांबत जातो, खुर्च्यांच्या रांगा वाढत जातात, माणसं तांदळाएवढी होतात, तरी वन्सं चौकटीबाहेरच. माझा जीव घाबरा होतो. पाठीला कसली तरी भिंत लागते.

"मागं कुठं निघालीस?" त्यांचा आवाज मात्र जवळून येतो. "फुडं ये."

"पुढे आले तर तुम्ही कापल्या जाल."

"मी कापली जाणारच हाय, उज्ज्वला. बाकीची तरी बघ."

मला राग येतो. कधीचा साठलेला राग आहे, तो इथे, सगळ्या वऱ्हाडासमोर येतो. "सांगून तरी जायचं होतं," मी म्हणते.

"सवड कुठं मिळाली गं."

एवढंच म्हणतात. मग मी पुढे जाते, कारण मागे जायला जागाच उरलेली नाही. हाताखाली काच लागते. ते दुकानाचं काउंटर आहे. दुकानदार फेटा बांधून उभा आहे आणि एकामागून एक बॉड्या माझ्या पुढ्यात मांडतो आहे. मी उचलते, ठेवते, उचलते. एक घसरते. एक बोटांना पुरत नाही. वन्सं स्टुलावर बसून पाय हलवताहेत.

"ही बसतीय हाताला," मी शेवटी म्हणते.

"बसंल की. हात तुझाच हाय." त्या माझा उजवा हात उलटा करून बघतात. "ह्या हाताला एक कॅमेरा हाय ना? मग दुसरा कुणाच्या हाताला बघायचा?"

"माझ्याच. मी दोन्ही वापरणार आहे. मला दुसरं कुणी नको."

"म्हणून ती आळसंदची सुनंदा तुझ्याबरूबर काम करायला दोन डाव येऊन गेली, तर तिला दारातनंच घालवलीस."

सुनंदा मोहिते. चांगलं काम करते, तिचे फोटो मी बघितलेत. म्हणूनच घालवलं. "तिला तुमच्या जागी कशी उभी करू?"

वन्सं खरंच विचारात पडतात. कपाळाला आठी घालतात, फोकस चुकला की घालायच्या तशी. "माझी कसली जागा? जिथनं दिसंल तिथं उभं ऱ्हायचं, एवढंच करत हुते मी. लोकं मला ढकलत हुती, मी लोकांना."

"मला येत नाही ते. लोकांत घुसणं."

"ठाऊक हाय. म्हणून तर दोघी हुतो."

मला रडू येतं, पण रडायला वेळ नाही, पंगत बसली आहे. शेवटची पंगत, वाढप्यांची आणि फोटोग्राफरची. आम्ही नेहमी हिच्यातच जेवायचो, मसालेभात गार झालेला, जिलबी संपलेली. वन्सं बूट न काढताच मांडी घालतात. माझ्या पानाशेजारी त्यांचं पान आहे. मला एकदम घाई होते. काहीतरी विचारायचं राहिलंय.

"वन्सं, सोळाची घेऊ की वीसची?"

त्यांच्या तोंडात घास आहे. त्या हातानं थांब म्हणतात.

वाढपी आमच्यापुढे येऊन उभा राहतो. त्याला उशीर झालेला दिसतो, पायानं ठेका धरलाय. "किती?" तो विचारतो.

"दोन," मी म्हणते.

"दोन?"

"सांगितलं ना. दोन."

मी मुठीतली नोट त्याच्या हातावर ठेवते. वन्सं घास गिळतात. बोलायला तोंड उघडतात. त्यांचा हात माझ्या हातावर आहे, नुकता धुतल्यासारखा ओला.

ब्रेक लागतो आणि माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटतं. ऊन. तासगाव. दारातून माणसं आत घुसताहेत, कुणाची पिशवी कुणाच्या डोक्याला लागते आहे. माझी मूठ आवळलेली आहे आणि घामानं ओली आहे. उघडून बघते तर चुरगळलेलं तिकीट. विटा ते सांगली. महिला, दोन.

मी ते दोनदा वाचते. शेजारची जागा रिकामी आहे.

कंडक्टर गर्दीतून मागे येतो, मला बघून थांबतो. "दुसऱ्या बाई कुठं गेल्या? तुम्हीच दोन म्हणालात. मी परत विचारलं, तर माझ्यावरच खेकसलात. लोकांना हितं बसू दिलं न्हाई मी."

मी कपाळ चोळते. सोळा की वीस ते अजून माहीत नाही. सांगलीत आज लेन्स तेवढी बघायची, आणि त्याआधी स्टँडवरूनच सुनंदाला फोन लावायचा. तिला म्हणायचं, रविवारच्या आत ये, दुकानात हात घेऊन ये तुझा, बॉडी त्याला बसते का बघून घ्यायची आहे. ती आता येईल की नाही, तेही माहीत नाही.

एक जाडजूड बाई कडेवरची टोपली सावरत माझ्यापाशी उभी राहते. धापा टाकते आहे.

"हितं कोण हाय का?"

कंडक्टर माझ्याकडे बघतो. मी तिकिटाची मूठ पुन्हा मिटते. डोळ्यांतून पाणी यायला लागतं, ते मी पुसत नाही.

"होत्या," मी म्हणते. "त्या उतरल्या. बसा तुम्ही."

ती बसते. टोपली मांडीवर घेते आणि कमरेनं मला खिडकीकडे ढकलते.

"जरा सरका की बाई."

मी सरकते.