उंबऱ्यावरचं 'आता हूँ'

माझा मित्र पुढे हिंदी बोलपटांचा नावाजलेला दिग्दर्शक झाला. अमरावतीत आमची घरं समोरासमोर. त्याचे वडील, म्हणजे काका, पुजारी. सिनेमात जायचं म्हणून तो त्यांच्याशी भांडला आणि रागाच्या भरात 'येतो' न म्हणता 'जातो' म्हणून घराबाहेर पडला. काका तो शब्द विसरले नाहीत. सहा वर्षं विषय निघाला की एवढंच म्हणत, "जातो म्हनला ना तो. गेला."

त्याचा पहिला बोलपट अकोल्याला लागला तेव्हा मला त्याचं पत्र आलं. 'बाबाले संग घेऊन जाय. मध्यंतराआधी पोरगा घर सोडते, तेवढं त्याईले दाखवजो.' सिनेमाचा विटाळ मानणारे काका पत्र ऐकून म्हणाले, "तू आधी पाहून ये. मले काई म्हनलं असन, तर मी येतो."

दुपारच्या खेळाला मी एकटाच गेलो. नायक उंबऱ्याशी थबकला, वळला आणि बापाला म्हणाला, "आता हूँ." मागून कोणी ओरडलं, "अबे, जाऊन राह्यला का येऊन राह्यला?" सगळं थेटर हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. हिंदीत निघताना 'जाता हूँ' म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक; सरकारी शाळेत हिंदी शिकवत होतो ना!

परतताना बडनेऱ्याला गाडी बदलली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो त्याचा राहून गेलेला 'येतो' होता.

काका ओट्यावर वाट पाहत होते. "मले काई म्हनलं का रे?"

"काई नाई, काका. नुसतं नाचगाणं हाय."

खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटत होता. मुंबईला दोघांनी जायचं ठरलं होतं. ऐन वेळी मी शेपूट घातलं. वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. आठवड्याने खेळ उतरला. त्या हिवाळ्यात काका गेले.

तेराव्याला आला तेव्हा त्याने पहिलं तेच विचारलं. "बाबानं पायला का रे?"

"पायला."

"काय म्हनले?"

"डोये पुसले."

माझ्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

पुढे त्याच्या प्रत्येक चित्रपटात कोणीतरी उंबऱ्यावर 'आता हूँ' म्हणायचं. मुंबईची वर्तमानपत्रं त्याचं कौतुक करायची. गावी आला की निघताना तो माझ्या ओट्यापाशी थांबे. "येतो रे."

त्यावर 'ये' म्हणायचं असतं. मी नुसती मान हलवत असे.