लाटण्याची खुंटी

हात पुसायचं फडकं आता खिडकीशेजारी असतं. तिथे ऊन येतं, वारा येतो, दुपारपर्यंत ते खडखडीत वाळतं. जागा चांगली आहे. तरी हात धुतले की मी अजून डावीकडेच वळते.

माहेरी, पारशिवनीकडच्या आमच्या गावात, चुलीशेजारी दोन खुंट्या होत्या. वरची आईची, खालची माझी. मी चौथी पास झाले तेव्हा बाबांनी ती बसवली. पुढची शाळा गावात नव्हती. दप्तर माळ्यावर गेलं आणि मी चुलीपाशी आले. आईने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, कडा दुमडून शिवल्या आणि खालच्या खुंटीला अडकवला. "हे तुयं," म्हणाली. शाळेसाठी मी सकाळी रडले होते. संध्याकाळी त्या फडक्याला हात पुसताना मात्र बरं वाटलं. घरातली एवढी जागा माझ्या नावाची झाली होती.

लग्न होऊन नागपूरला आले. घर शहरात, पण मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. घरात तिघंच. सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी मामीजी म्हणायचे. त्या एवढ्या उंच की दारातून येताना मान वाकवायच्या. स्वयंपाकघरात खुंटी एकच, मोरी आणि चुलीच्या मधल्या भिंतीत, त्यांच्या हाताला येईल अशी. मी बुटकी. टाचा उचलून फडकं ओढेपर्यंत ओल्या हातांचं पाणी बांगड्यांमधून कोपरापर्यंत जायचं आणि तिथून पोलक्याच्या बाहीत. थंडीच्या दिवसांत नुसता शहारा यायचा.

खिळा ठोकून भागण्यासारखं नव्हतं. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, ढेकूळच निघून येतं. खुंटी बसवायची तर भिंती छाबतात, म्हणजे मातीने लिंपतात तेव्हा, माती ओली असताना. आणि भिंती छाबायचं काम मामीजींचं. म्हणजे त्यांना सांगायला हवं होतं. मला एक खुंटी पाहिजे, एवढंच. पण ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. कालची आलेली सून भिंतीत वाटा मागते, असं त्यांना वाटलं तर?

मग मी आपली जागा शोधत राहिले. दाराच्या कडीला फडकं अडकवलं, तर दार लागेना. खिडकीच्या गजाला बांधलं, ते मागच्या गल्लीत पडलं आणि शेजारच्या बकरीने अर्धं चघळलं. शेवटी खांद्यावर टाकलं, तर मामीजी म्हणाल्या, "काहून वं, हॉटेल टाकलं का? मंग एक कट च्या आन मले!"

हे बाहेरच्या खोलीत खो खो हसले. मी फडकं काढून ठेवलं ते ठेवलंच, आणि हात पदराला पुसायला लागले.

"पदराले हळद, पदराले पीठ. पदर हाय का पोतेरं?" मामीजींनी एकदा विचारलं.

मी मोरीकडे तोंड करून भांडी विसळत राहिले. आईच्या खुंटीखालची माझी खुंटी डोळ्यांसमोर यायची. तिला आता काय टांगत असतील, की तशीच रिकामी असेल?

दिवाळी जवळ आली तशी भिंतींची छबाई निघाली. मामीजींनी माती, शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, पायाने तुडवून कालवलं. मी घमेलं भरून देत होते, त्या भिंतीवर हात फिरवत होत्या. मोरीपाशी आल्या आणि थांबल्या.

"इकडे ये. हात धू."

मी धुतले.

"आता पूस."

"कशाले पुसू जी? फडकं तं वाळत हाय आंगणात."

"फडकं हाय समजून पूस. डोये मिट आन पूस."

मी डोळे मिटून डावीकडे हात लांबवला. बोटं गार, ओल्या मातीला लागली. मामीजींनी माझं मनगट तिथेच धरलं आणि बोटांशेजारी काहीतरी मातीत खुपसलं. डोळे उघडले तर मोडक्या लाटण्याचा अर्धा तुकडा! ते लाटणं उन्हाळ्यातच मोडलं होतं. त्यांनी ते चुलीत घातलं नव्हतं.

"सांगाले काय होते वं तुले?" तुकड्याच्या बाजूने माती दाबत त्या म्हणाल्या. "मी तुयं तोंडच पाहात राहू का? आता माती वाळू दे. लगेच टांगशीन तं खाली येईन."

"हो जी," एवढंच मी म्हणाले.

पुढे मामीजी पाठीतून वाकत गेल्या. वरची खुंटी त्यांच्याच हाताला येईना. मग त्याही माझ्याच खुंटीच्या फडक्याला हात पुसू लागल्या. "तुयाकडे भाड्यानं राहून राहिली मी," म्हणायच्या. फडक्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्याला मी.  

धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांना नेलं, तिथून त्या घरी आल्या नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी जुनं घर पाडून सिमेंटचं बांधलं. भिंत पडली तेव्हा लाटण्याचा तुकडा ढिगाऱ्यात गेला. शोधून द्या, असं मजुरांना म्हणावंसं वाटलं. दोनदा अंगणात गेले आणि चहाचे कप उचलून परत आले.

स्वयंपाकघर तयार होत आलं तेव्हा मिस्त्रीने विचारलं, "बाई, फडक्याची खुंटी कुठी ठोकू?"

 मी डोळे मिटले आणि हात लांबवला. मिस्त्री हसला.

"तिथी तं गॅसची शेगडी येते ना बाई. जळून जाईन फडकं!"

डोळे उघडले. नवी पांढरी भिंत, आणि माझा हात ओट्याच्या वर अधांतरी. "मग तुम्हीच पाहा," मी म्हणाले. त्याने खिडकीशेजारी ठोकली.

तरी हात धुतले की मी डावीकडे वळते. शेगडीवर दूध असलं तर तळव्याला वाफ लागते. मग खिडकीकडे जाते. तोवर पाणी कोपरापर्यंत आलेलं असतं.