पेशकारांनी दिलेला शब्द

निजामाच्या राज्यात, नांदेडच्या कचेरीत रेणुकादास पेशकार होते. साहेबांपुढे कागद वाचायचे, एवढंच खरं तर काम. पण जिल्ह्याचा कारभार पाहणारे तालुकदारसाहेब हैदराबादचे, त्यांना मराठी कळत नसे. कुठल्या गावाशी नरमाईनं घ्यायचं, कुठं दटावायचं, हे ते रेणुकादासांनाच विचारत. अकरा वर्षं त्यांचा सल्ला चालला. बिलोलीकडच्या दोन गावांची पाण्यावरून पेटलेली भांडणं त्यांनी नुसत्या बोलण्यानं मिटवली होती. त्याचा त्यांना अभिमान होता.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात त्यांच्या बहिणीच्या नवऱ्यानं, भोकरच्या अवधूत मास्तरांनी, शाळेवर तिरंगा लावला आणि ते रानात पसार झाले. वॉरंट निघालं. रेणुकादासांनी साहेबांना सल्ला दिला, "मास्तर आपण होऊन हजर झाला, तर आठ दिवसांनी समज देऊन सोडावा. गावही शांत राहील."

साहेबांनी मान्य केलं. रेणुकादास भोकरला गेले. बहीण चंद्रप्रभा चुलीपुढे भाकरी थापत होती.

"त्यांना निरोप धाड," ते म्हणाले. "माझी जबाबदारी."

"दादा, नक्की सोडतील?"

"साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

अवधूत हजर झाले. पाचव्या दिवशी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी जुन्या पेशकाराला विचारलंसुद्धा नाही, मास्तरांना दूरच्या तुरुंगात धाडलं. फाल्गुनात तिथं विषमज्वरानं ते गेले. तार रेणुकादासांच्याच हातात आली. ती त्यांनी न वाचताच नव्या साहेबांपुढे ठेवली. त्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली.

पुढं निजामी गेली. नव्या अंमलात त्यांना कुणी जवळ केलं नाही. निजामाचा माणूस म्हणून लोक बाजूनं जात. ते औशाला जाऊन लोकांचे अर्ज लिहू लागले. दर भाऊबीजेला मात्र भोकर गाठत. चंद्रप्रभा मुकाट्यानं ताट वाढायची.

चौथ्या वर्षी ती बोलली. "दादा, बदलीचं तुला ठाऊक होतं का?"

रेणुकादासांनी हातातला घास खाली ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं.

"कानावर आलं होतं. वाटलं, इतक्यात व्हायची नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. "जेवून घे," मग म्हणाली, "आणि आता येत जाऊ नकोस."

ते पुढं नऊ वर्षं जगले. भोकरकडचं कुणी भेटलं, की चंद्रप्रभा कशी आहे, एवढंच विचारत.