तात्यांच्या आवाजातली कबड्डी

काल मैदानावर माझे वडील अण्णा भोंग्याकडे तोंड करून बसले होते. त्यांची नजर गेल्यापासून कबड्डी ते समालोचक तात्यांच्या आवाजातूनच पाहत. चढाईला निघालेल्या पोरानं कपाळाला माती लावली, हेसुद्धा तात्या सांगत. तात्या उन्हाळ्यात गेले. एका माणसाबरोबर दुसऱ्याचे डोळेही जातात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. काल भोंगा फक्त गुण सांगत होता. ज्या अण्णांनी मला पदवीपर्यंत शिकवलं, त्यांना एवढं तरी द्यावं म्हणून मी कानाशी लागलो.

"अण्णा, पोरगा बाद झाला."

"कसा?"

मी शब्द जुळवेपर्यंत पुढची चढाई सुरू झाली.

"राहू दे बाळा. चल घरी."

तेवढ्यात मैदानात केवढा तरी जल्लोष उसळला. काय झालं, ते अण्णांनी विचारलंही नाही.