मुंबईला गेलेला दादा

ती थाप माझीच. दादाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवलं त्या आठवड्यात शेजारचे काका अंगणात येऊन विचारत होते, "थोरला दिसत नाय तो?" आई आत डोळे पुसत होती. मी पटकन म्हटलं, "मुंबईला गेलाय, नोकरीला." आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला असतात, आणखी एक गेला तर कोणाच्या डोळ्यावर येणार? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

तीन महिन्यांनी दादा घरी आला. गोळ्यांनी जरा सुस्त, पण बरा. मी त्याला सगळं पढवलं: कंपनी कुठली, खोली कुठे, सुट्टी किती दिवसांची. लोक भेटले की मुंबईचंच विचारायचे. सुरुवातीला त्याने दोन-चार उत्तरं दिली. मग तो एसटीच्या थांब्यावर जाईनासा झाला, मग भजनाला, मग अंगणातही. आम्हाला वाटलं, आराम करतोय.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा तो माझ्यादेखत म्हणाला, "पुन्हा मरावंसं वाटतं." बाईंनी औषध बदललं, आठवड्यानेच परत बोलावलं, तोवर एकटं सोडू नका म्हणाल्या. मग मला विचारलं, "हा बोलतो कोणाशी?"

"कोणाशीच नाही. आम्ही बाहेर कळूच दिलं नाही ना." हे मी चक्क अभिमानाने सांगितलं.

परतीच्या एसटीत नेमके तेच काका शेजारच्या सीटवर. "काय रे, मुंबयला परत कदी जातोस?"

दादाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "काका, तो मुंबईला नव्हताच. मनोरुग्णालयात होता."

काकांनी पिशवी मांडीवर घेतली. हळूच म्हणाले, "ठावं हाय गो. सगल्या वाडीला ठावं हाय. तुमी मुंबय म्हनत होतात, म्हनून आमी पन मुंबयच इचारायचो."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दादा वळला. कित्येक दिवसांनी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "मग मी कोणापासून लपत होतो?"

मी उठले आणि त्याच्या शेजारची माझी जागा काकांना दिली.